कबुतरांच्या घरातला खोकला

संध्याकाळी आपल्या वस्तीत पाच मिनिटे मान वर करून उभे राहा. कुठल्या तरी पत्र्यावर एक पोरगा काठीला फडके बांधून शीळ घालत असतो आणि त्याच्या डोक्यावर वीस-पंचवीस कबुतरांचा थवा गिरक्या घेत असतो. लक्का कोणता, लोटण कोणता, कोणत्या जोडीने अंडी घातली, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. कमाईतले पैसे तो बाजरी आणि मक्यावर घालतो. घरचेही फार बोलत नाहीत. पोरगा नाक्यावर दारू-गुटख्यात बसण्यापेक्षा पत्र्यावर पाखरांत रमलेला बरा, असा त्यांचा हिशेब असतो आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. हा लेख त्या पोराच्या विरोधात लिहिलेला नाही. त्याच पत्र्याखाली झोपणाऱ्या त्याच्या आईच्या खोकल्याविषयी हा लेख आहे.

हा खोकला कसा असतो ते आधी पाहू. कोरडा, कफ फारसा नाही. आधी वाटते, हवा बदलली. मेडिकलवरून औषधाची बाटली येते, मग गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या, मग आणखी भारी गोळ्या. अधूनमधून संध्याकाळी कणकण येते, अंग मोडून येते, सकाळी बरे वाटते. काही महिन्यांनी पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना मध्येच थांबावे लागते. वजन उतरते. शेजारीण हळूच म्हणते, टीबी तर नसेल? कोणी दम्याचा पंप देतो. मग दिवाळीत ती माउली पंधरा दिवस गावी जाते आणि खोकला निम्म्यावर येतो. सगळे म्हणतात, गावची हवा मानवली. परत आल्यावर चार दिवसांत पुन्हा तेच.

गावची हवा मानवली हे खरेच आहे, फक्त त्याचे कारण वेगळे असू शकते. गावच्या घरावर कबुतरांचे खुराडे नव्हते.

जे घडते त्याला कारण असते आणि कारण दूर केले की परिणामही थांबतो, हे बुद्धांनी शिकवलेले सूत्र आपण विहारात अनेकदा ऐकतो. या आजाराला ते जसेच्या तसे लागू पडते. म्हणून कारण नीट समजून घेऊ.

कबुतराच्या पिसांवर पांढरट, पिठासारखी भुकटी असते. कबुतर हातात धरून सोडले की हाताला लागते तीच. पंख झटकले की ती हवेत उडते. दुसरी गोष्ट शीट. ओली असते तोवर ती फार त्रास देत नाही; पण वाळली, तिच्यावर पाय पडला किंवा झाडू फिरला की तिचा भुगा होतो. एका कबुतराची वर्षाची शीट दहा-बारा किलो भरते असा अंदाज सांगितला जातो. वीस कबुतरांचा हिशेब तुम्हीच करा. ही भुकटी आणि हा भुगा इतका बारीक असतो की नाकातल्या केसांना आणि घशातल्या चिकट ओलाव्याला चुकवून तो थेट फुप्फुसांच्या तळाशी, जिथे रक्तात प्राणवायू मिसळतो त्या सूक्ष्म फुग्यांपर्यंत पोहोचतो.

त्या भुकटीत कबुतराच्या शरीरातील प्रथिने असतात. ती विष नाहीत आणि जंतूही नाहीत. पण काही माणसांचे शरीर त्यांना शत्रू समजते. रोज श्वासातून ती आत जातात, रोज शरीर त्यांच्याशी लढते आणि या लढाईत स्वतःच्याच फुप्फुसाला सूज येते. या आजाराला डॉक्टर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, थोडक्यात एचपी. कबुतरे पाळणाऱ्यांमध्ये हा आजार असल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६५ सालीच नोंदवले होते. आपल्या देशात फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची एक मोठी पाहणी झाली. १९ शहरांतील १,०८४ रुग्णांच्या त्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील जवळपास निम्म्या रुग्णांना हाच आजार निघाला. सगळ्यांनाच तो कबुतरांमुळे झालेला नव्हता. कूलरमधल्या बुरशीनेही तो होतो. कूलर वापरणाऱ्यांनी त्यातले पाणी आणि गवताची जाळी वेळच्या वेळी बदलावी, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

हा आजार दोन तऱ्हांनी दिसतो. पहिल्या तऱ्हेत एखाद्या दिवशी खुराडे घासून काढले, भरपूर धूळ नाकातोंडात गेली, की चार ते आठ तासांनी थंडी, ताप, खोकला आणि छातीत दाटल्यासारखे होते. एक-दोन दिवसांत उतरते. माणूस म्हणतो व्हायरल होते. पुढच्या रविवारी पुन्हा साफसफाई, पुन्हा ताप. दुसरी तऱ्हा जास्त घातक. रोज थोडी थोडी भुकटी जात राहते, ताप वगैरे काही नसतो, फक्त दम हळूहळू कमी होत जातो. वर्ष-दोन वर्षांत फुप्फुसात जखमेच्या व्रणासारखे कडक धागे तयार होतात. मऊ स्पंज वाळून कडक व्हावा तसे फुप्फुस होते. तो स्पंज पुन्हा मऊ होत नाही. या आजाराबद्दल लक्षात ठेवायची बाब हीच आहे: सूज असेपर्यंत आजार मागे फिरू शकतो, व्रण झाल्यावर नाही.

एकाच घरात एकाला होतो आणि चौघांना होत नाही, म्हणून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. "मी दहा वर्षे पाळतोय, मला काही झाले नाही," असे तो पोरगा म्हणतो आणि खरेच सांगतो. ज्याच्या त्याच्या शरीराची घडण वेगळी. पण आणखी एक गोष्ट पाहा. पाखरे उडवतो मुलगा आणि सकाळी खुराड्याखालची शीट झाडते आई नाहीतर बहीण. त्याचे भुकटीने भरलेले शर्ट धुते बायको. कबुतराला कधी हातही न लावलेल्या बाईला नवऱ्याच्या कपड्यांवरच्या धुळीने हा आजार होऊ शकतो. आपल्या घरांमध्ये कामाची जी वाटणी आहे, तीच आजाराचीही वाटणी ठरते.

टीबी की कबुतर?

हे नीट वाचावे, कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायचीच. घरात कबुतरे असली तरी आणि नसली तरी. दाटीच्या वस्त्यांमध्ये टीबी आजही भरपूर आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. "आमचा खोकला कबुतरांचा आहे" असे घरीच ठरवून टीबीची तपासणी टाळली तर घरातल्या लहान मुलांनाही धोका होतो. मात्र थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी खोकला आणि दम चालूच आहे, किंवा टीबीची औषधे सुरू करूनही फरक नाही, तर थांबून डॉक्टरांना विचारले पाहिजे की हा दुसरा कोणता आजार तर नाही ना.

डॉक्टरांसमोर आपण ताप सांगतो, खोकला सांगतो. घरात कबुतरे आहेत हे मात्र सांगत नाही. ते सांगण्यासारखे आहे असे वाटतच नाही. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही विचारतीलच असे नाही. म्हणून आपण होऊन सांगा: घरात किंवा घरावर किती कबुतरे आहेत, किती वर्षांपासून आहेत, साफसफाई कोण करते, गावी गेल्यावर बरे वाटते का. आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. या चार वाक्यांनी निदान महिन्यांनी लवकर होऊ शकते.

सुरुवातीला छातीचा साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. त्यावर समाधान मानू नका. या आजारासाठी छातीचा एचआरसीटी स्कॅन आणि नळीत फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी लागते. बोटाला लावायच्या यंत्रावर बसल्या जागी ऑक्सिजन ठीक दिसतो, पण सहा मिनिटे चालल्यावर तो घसरतो का, हे पाहणे महत्त्वाचे असते. मुंबईत केईएम, सायन, नायर. नागपूरला मेडिकल, छत्रपती संभाजीनगरला घाटी, अशा मोठ्या सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत छातीच्या आजारांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे जावे.

उपचारात पहिले औषध म्हणजे कबुतरांपासून दूर होणे. त्याशिवाय बाकीची औषधे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. सूज उतरवण्यासाठी डॉक्टर स्टेरॉइड देतात. ते त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यावे. स्वतःच्या मनाने बंदही करू नये आणि मेडिकलवरून वाढवूनही घेऊ नये. साध्या अँटिबायोटिकने हा आजार बरा होत नाही, कारण मारायला जंतूच नसतो.

जंतूंचे आजार

वर सांगितला तो अॅलर्जीच्या जातीचा आजार. याशिवाय कबुतरांच्या शीटेतून येणारे जंतुसंसर्गही आहेत. ते त्यामानाने कमी आढळतात, पण माहीत असावेत.

क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी कबुतरांच्या जुन्या, साचलेल्या शीटेत वाढते. कबुतराला तिचा काही त्रास नसतो. धडधाकट माणसालाही सहसा काही होत नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, म्हणजे एचआयव्ही असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, किडनी बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, त्यांच्यात ही बुरशी श्वासावाटे जाऊन मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. कित्येक दिवस न थांबणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे, उजेड सहन न होणे ही तिची लक्षणे. अशा माणसाची डोकेदुखी बाम चोळून काढायची नसते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. एआरटी केंद्रातून औषधे घेणाऱ्या बंधू-भगिनींनी खुराड्याच्या जवळपासही जाऊ नये. आणि ते का जात नाहीत, याची चर्चा बाकीच्यांनी करू नये.

सिटॅकोसिस हा दुसरा. तो पोपटांकडून जास्त येतो, पण कबुतरांकडूनही येतो. आजारी पाखराच्या शीटेची आणि पिसांची धूळ नाकात गेल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. सुरुवातीला टायफॉइडसारखे वाटते. याला मात्र योग्य अँटिबायोटिकने चांगला गुण येतो, म्हणून इथेही डॉक्टरांना कबुतरांचे सांगणे गरजेचेच. तिसरा धोका पोटाचा. पत्र्यावरच्या उघड्या टाकीत किंवा ड्रममध्ये शीट पडली, किंवा दाणे घालून तसेच हात न धुता जेवायला बसले, तर साल्मोनेलासारख्या जंतूंनी जुलाब-उलट्या होतात. टाकीला घट्ट झाकण आणि हाताला साबण, एवढ्याने हे टळते.

पंखांची हवा आणि लकवा

एक जुनी समजूत अजून आपल्या वस्त्यांमध्ये टिकून आहे. लकवा मारलेल्या माणसाच्या खाटेजवळ कबुतरे ठेवायची. त्यांच्या पंखांची हवा लागली की अंग सुटते. काही ठिकाणी कबुतराचे रक्त चोळतात. याला कसलाही आधार नाही. लकवा मेंदूतील रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होतो. तुंबली असेल तर गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तो वेळ कबुतर शोधण्यात गेला की हातची संधी गेली. वरून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अशक्त छातीत कबुतराची भुकटी गेली तर ते वेगळेच. तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोलणे जड झाले, की सरळ १०८ ला फोन करायचा.

तशीच गोष्ट दाणे टाकण्याची. पितरांच्या नावाने किंवा ग्रहाची पीडा जावी म्हणून दाणे टाकायला कोणी सांगितले, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने ते ऐकण्याचे कारण नाही. पाखरांवर करुणा असावीच. पण चौकात पोते रिकामे केल्याने कबुतरे बेसुमार वाढतात आणि त्यांची धूळ शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जाते. चैत्यभूमीला जाताना दादर पश्चिमेचा कबुतरखाना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे राज्य सरकारने विधान परिषदेत जाहीर केले, त्यानंतर दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून मोठा वाद झाला. तो वाद चौकातल्या कबुतरांचा होता. आपल्या पत्र्यावरच्या, झोपण्याच्या जागेपासून चार हातांवर असलेल्या खुराड्याबद्दल टीव्हीवर कोणी बोलले नाही.

पाळायचीच असतील तर

घरात कोणाला दमा आहे, टीबी होऊन गेला आहे, एचआयव्ही आहे, बाळंतीण किंवा तान्हे बाळ आहे, तर माझे स्पष्ट मत आहे की त्या घरावर कबुतरे नसावीत. ज्याला एचपीचे निदान झाले आहे त्याच्या घरी तर नाहीतच. तिथे मास्क लावून भागवू, हा मार्ग चालत नाही.

बाकीच्यांनी खुराडे झोपायच्या खोलीच्या, चुलीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या वर ठेवू नये. पत्र्यातल्या फटी बुजवाव्यात, कारण वरची धूळ त्यातूनच खाली गाळली जाते. संख्या आटोक्यात ठेवावी. कबुतराची जोडी एका वेळी दोन अंडी घालते, अठरा दिवसांत पिले बाहेर येतात आणि वर्षात हे कितीतरी वेळा होते. घातल्याबरोबर ताजी अंडी काढून तिथे खोटी अंडी ठेवली तर वाढ थांबते. यात जीव घेणे नाही, कारण त्या अंड्यात अजून पिलू धरलेलेच नसते.

साफसफाईची पद्धत मात्र पूर्ण बदलावी लागेल. कोरडा झाडू बंद. आधी साबणाचे पाणी शिंपडून शीट चांगली भिजू द्यायची, दहा-पंधरा मिनिटांनी पत्र्याच्या तुकड्याने किंवा खुरप्याने ओलीच खरवडायची, दुहेरी पिशवीत भरून तोंड बांधून कचऱ्यात टाकायची. ब्लीचिंगचे पाणी वापरलेत तर त्यात संडासचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. नाकाला ओढणी किंवा रुमाल बांधून उपयोग नाही, ही धूळ कापडातून जाते. मेडिकलमध्ये मिळणारा एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून लावावा. खुराड्यासाठी एक जुना शर्ट वेगळा ठेवावा, तो घरात आणू नये आणि ज्याचा छंद त्यानेच तो भिजवून धुवावा. हे काम लहान मुलांना देऊ नये. शीट फार जुनी आणि जाड साचली असेल तर ती दोन-तीन दिवसांत थोडी थोडी काढावी, एकदम नाही.

मान वाकडी झालेले, हिरवट पाणचट शीट टाकणारे, पिसे फुगवून बसलेले पाखरू लगेच वेगळ्या पेटीत ठेवावे आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल जवळ पडेल.

कबुतरे काढायची वेळ आली तर पोराशी भांडून, पेटी रस्त्यावर फेकून काही साधत नाही. सोडून दिलेली पाळीव कबुतरे संध्याकाळी त्याच पत्र्यावर परत येतात. पाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला, तोही लांबच्या वस्तीतला, जोड्या देऊन टाकणे हा एक मार्ग. त्याला आईसोबत दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावे. घरच्यांच्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा ते एकदाचे ऐकणे उपयोगी पडते. पाखरे गेल्यानंतरही त्यांची भुकटी घरात कित्येक महिने राहते. खुराड्याचे लाकूड टाकून द्यावे, पत्रा, वासे आणि भिंती ओल्या फडक्याने पुसाव्यात, गोधड्या आणि पडदे धुऊन उन्हात घालावेत, जमल्यास रंग काढावा. आणि हे सगळे करताना आजारी माणसाला पाहुण्यांकडे पाठवावे.

शेवटी विहाराविषयी. पुष्कळ विहारांच्या छताखाली, पंख्याच्या खोबणीत, खिडकीच्या वरच्या कट्ट्यावर रानटी कबुतरे घरटी करतात. चौदा एप्रिल किंवा बुद्धपौर्णिमा जवळ आली की आपण मुलांच्या हाती झाडू देतो आणि वर्षभराची वाळलेली शीट एका सकाळी उडवतो. सगळे विहार धुळीने पांढरे होते आणि दुसऱ्या दिवशी निम्मी मुले खोकत असतात. यंदा ते काम चार मोठ्या माणसांनी मास्क लावून, पाणी मारून, सणाच्या आठ दिवस आधी करावे. पिले उडून गेलेली रिकामी घरटी तेवढी काढावीत आणि त्या जागांना नायलॉनची जाळी ठोकावी. जाळीचा खर्च एकदाच होतो; समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय घेता येईल.